भट्टी-ऐरणीशिवाय, नुसतं घासून वाकडं पातं करता येतं का?

सरळरेषा
नमस्कार मंडळी. मला वाकड्या पात्याची एक छोटी सुरी स्वतः करायची आहे. पातं साधारण बोटभर लांबीचं. भट्टी नाही, ऐरण नाही आणि घण मारायची सोय तर मुळीच नाही. खालच्या मजल्यावरचे लोक नुसत्या ड्रिलच्या आवाजानेच वर येतात. हाताशी आहे ते एवढंच: अँगल ग्राइंडर, छोटा बेल्ट ग्राइंडर, व्हाइस, थोड्या कानशी.

सरळ सुरी पट्टीतून कापून, घासून करतात हे माहीत आहे. वाकड्या पात्याचं तसंच करता येईल ना? की वाक ठोकूनच आणावा लागतो? एका ओळखीच्यांनी छातीठोकपणे सांगितलं की घासून केलेली वाकडी सुरी म्हणजे शोभेचा पत्रा, पहिल्याच जोराला टोक मोडणार. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाच_आपलं
आयडी सरळरेषा आणि हवंय वाकडं पातं. खुर्ची टाकून बसलोय, चालू द्या.

ऐरणीवरचा
घासून सुरी होत नाही असं मी म्हणणार नाही. पण वाकडं पातं घडवूनच करावं, या मतावर मी ठाम आहे.

पट्टी रोलिंग मिलमधून येते तेव्हा आतले तंतू लांबीच्या दिशेने ओढले गेलेले असतात. तापवून ठोकून वाकवली की तंतू पात्याबरोबर वळतात. रुंद पाट्यातून वाक कापून काढलात तर टोकाकडे तेच तंतू पात्याला आडवे येतात, आणि ताण नेमका तिथेच. दुसरा मुद्दा मालाचा. २५ मिमी रुंद पट्टीतून मी जो आकार ठोकून काढतो, तोच कापून काढायला ६० मिमीचा पाटा लागेल आणि निम्म्याहून जास्त पोलाद भुसा होऊन जमिनीवर पडेल. तिसरा मुद्दा मजेचा, पण त्यावर वाद नको.

ठिणगी
@ऐरणीवरचा, मालाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. जुन्या काळी लोहार ठोकत होते त्याचं मोठं कारण तेच होतं. पोलाद महाग, आणि घासून काढायला आजच्यासारखे बेल्ट नव्हते.

तंतूंचं मात्र अर्धंच खरं आहे. ओढले जातात ते मुख्यतः पोलादातले परके कण, मँगनीज सल्फाइड वगैरे. त्यामुळे आडव्या दिशेला चिवटपणा कमी भरतो हे बरोबर. क्रेनचा आकडा किंवा क्रँकशाफ्ट घडवतात त्यामागे हेही कारण आहे. पण बोटभर पात्याच्या हातसुरीत, आणि तेही बऱ्यापैकी स्वच्छ पोलादात, हा फरक हाताला कळणार नाही. टोक मोडतं ते बहुतेक वेळा पाणी देताना (म्हणजे लाल पोलाद तेलात किंवा पाण्यात झटकन थंड करून कडक करताना) पोलाद जास्त तापल्यामुळे, किंवा पाणी दिल्यावर टेंपरिंग, म्हणजे पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा कमी करणं, नीट न केल्यामुळे.

आणि ते 'ठोकून कण दाबले जातात, पोलाद घट्ट होतं' हे तर सोडूनच द्या. स्फटिक बारीक की जाड हे उष्णता ठरवते. भट्टीत जास्त वेळ पिवळंधमक राहिलं तर ते वाढतात, आणि घडवणाऱ्याला नंतर नॉर्मलायझिंग करून, म्हणजे पुन्हा तापवून हवेत थंड करून, ते परत बारीक करावे लागतात. विकत आणलेली पट्टी घासणाऱ्याच्या मागे ही भानगडच नसते.

ऐरणीवरचा
मग अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत घासलेली सुरी का चालत नाही?

खुसपट
कारण ती संस्था घडवणाऱ्यांचीच आहे. १९७६ साली बिल मोरान वगैरेंनी ती काढलीच घडवण्याची कला टिकावी म्हणून. पोहण्याच्या स्पर्धेत सायकल का नाही असं विचारण्यासारखं झालं हे.

आणि परीक्षा काय असते ते पाहा. एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा, टू-बाय-फोर (दोन बाय चार इंची) लाकूड दोनदा तोडायचं, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं व्हाइसमध्ये धरून ९० अंश वाकवायचं, मोडता कामा नये. यात हातोड्याची परीक्षा किती आणि हीट ट्रीटमेंटची (पाणी देणं, टेंपरिंग) किती ते तुम्हीच ठरवा. उलट बाजूला बॉब लव्हलेस होते. पट्टी कापून घासून सुऱ्या करणं त्यांनी प्रतिष्ठेला नेऊन बसवलं. त्यांच्या सुऱ्यांना पत्रा म्हणणारा अजून मला भेटायचा आहे.

उगाच_आपलं
+१. ठिणग्या उडायला लागल्या. (ठिणगीताई, तुम्हाला नाही म्हटलं.)

कानसबहाद्दर
वाद चालू द्या, मी कामाचं सांगतो. घासून वाकडं पातं निश्चित होतं. अडचण ताकदीची नाही, वाकाच्या आतल्या बाजूला हत्यार पोचवायची आहे.

आकार कापणे: अँगल ग्राइंडरची चकती सरळच कापते, तिला वळण घेता येत नाही. म्हणून आतल्या गोलाईच्या रेघेपर्यंत शेजारीशेजारी उभे काप द्यायचे, फणीच्या दात्यांसारखे. मग एकेक दाता पकडीने हलवून मोडायचा आणि उरलेले खुंट घासून काढायचे. किंवा रेघेला लागून ड्रिलने भोकांची रांग पाडायची. आवाज कमी, वेळ जास्त. कापायच्या पातळ चकतीच्या कडेने घासू नका, हे हात जोडून सांगतो. ती आडव्या दाबासाठी केलेली नसते, फुटते, आणि तुकडे कुठे जातील सांगता येत नाही. घासायला फ्लॅप डिस्क वेगळी मिळते.

उतार (धारेकडे पातळ होत जाणारा भाग) घासणे: बाहेरून फुगीर धार असेल तर बेल्टच्या सपाट पाटीवर आरामात होते. धार आतल्या बाजूला असेल तर सपाट पाटीच्या कडा पात्यात रुततात आणि खाचा पडतात. तिथे चाक लागतं, आणि चाकाची त्रिज्या वाकाच्या त्रिज्येपेक्षा कमी हवी. मोठं चाक दोन टोकांना टेकतं, मध्ये पोचतच नाही. छोटं चाक नसेल तर बेल्टचा जो भाग मागे आधाराशिवाय मोकळा फिरतो तिथे घासा. त्यासाठी मऊ कापडाचा लवचीक बेल्ट घ्या, जाड पाठीचा बेल्ट वळत नाही.

यातलं काहीच नसेल तर अर्धगोल कानस. पातं व्हाइसमध्ये, कानस दोन्ही हातांनी आडवी धरून स्वतःकडे ओढायची. पट्टी अजून मऊ असताना कानस सुरेख चालते, लांब कुरळे तुकडे निघतात. खालचे लोकही खूश.

सरळरेषा
कानसबहाद्दर, अतिशय उपयोगी. चाकाच्या त्रिज्येचं तर डोक्यातच आलं नसतं. एक विचारू का, घासताना पातं निळं पडलं तर वाया गेलं का?

तेलकट
पाणी देण्याआधी निळं पडलं तर काही बिघडत नाही, नंतर परत लाल करायचंच आहे. पाणी दिल्यावर, टेंपर झाल्यावर घासताना निळं पडलं तर तेवढ्या भागाची धार गेली म्हणून समजा. फिक्का पिवळा रंग साधारण २०० अंशाला दिसतो, निळा ३०० च्या आसपास. धारेची कड पातळ असते, क्षणात तापते. म्हणून शेवटचं घासणं उघड्या हातांनी करतात. बोटाला चटका बसायच्या आधी पात पाण्यात बुडवायची. बेल्ट नवा वापरा. झिजलेला बेल्ट कापत कमी आणि तापवत जास्त.

रंधा
मंडळी, एक मिनिट. कोणी विचारलंच नाही. @सरळरेषा, वाक नेमका कुठल्या अंगाला हवाय?

सुरी टेबलावर आडवी ठेवली तर सगळं पातं टेबलाला टेकलेलं राहील का? कोयता, विळा, कुकरी टेकतात. त्यांचा वाक पाट्याच्या पातळीतच असतो आणि तो कापून काढता येतो. की पातं टेबलावरून वर उचलून गोल वळलेलं असणार? वरचे सगळे प्रतिसाद पहिल्या प्रकाराबद्दल आहेत.

सरळरेषा
अरे हो. दुसरा प्रकार! लाकडी चमचे, वाडगे आतून कोरायचे आहेत. ते आकड्यासारखं वळलेलं पातं असतं ना, ते.

उगाच_आपलं
म्हणजे आत्तापर्यंत धागाच चुकीच्या अंगाला वाकला होता. अभिनंदन सर्वांचं.

ऐरणीवरचा
हा हा. म्हणजे शेवटी माझ्याकडेच यावं लागणार. सपाट पट्टी कितीही घासली तरी ती पातळी सोडून वर येणार नाही.

रंधा
तसं अगदी नाही. मी लाकूडकाम करतो, कोरायच्या वाकड्या सुऱ्या स्वतःच्या स्वतः करतो. ऐरण माझ्याकडेही नाही.

या सुरीची एक गंमत आहे. धारेचा उतार बाहेरच्या, फुगीर अंगाला असतो. आतलं, खोलगट अंग नुसतं गुळगुळीत ठेवायचं. म्हणजे कानसबहाद्दरांनी सांगितलेली आत पोचायची अडचण इथे जवळपास नाहीच.

क्रम असा. २ ते ३ मिमी जाड, १५ मिमीच्या आसपास रुंद पट्टी घ्या. १०८४ किंवा ओ१ जातीचं कार्बन पोलाद, स्टेनलेस नको. पट्टी सपाट असतानाच आकार द्या आणि उतारही सपाट असतानाच घासून घ्या. इथेच सगळं सोपं होतं. धारेची कड अर्धा ते एक मिलिमीटर जाड सोडा, अजून पातळ केलीत तर तापवताना जळते, पाणी देताना वेडीवाकडी होते. मग गॅस टॉर्चने लाल करून एखाद्या सळईवर वळवा. पात लाल असताना ती हातोड्याने बडवायची नसते, लाकडी थापीने हलकेच टेकवत न्यायची. उतार असलेली बाजू बाहेर येतेय ना, हे वळवायच्या आधी बघा. डावखुरे असाल तर उतार आणि वळण दोन्ही दुसऱ्या अंगाला, उतार मात्र बाहेरच. रंग उतरला की थांबा, परत लाल करा, काळ्या पातीवर जोर लावलात तर चीर जाते.

ऐरणीवरचा
लाल करून वळवलं म्हणजे घडवलंच की. स्वागत आहे मंडळात, वर्गणी नंतर देऊ.

खुसपट
वळवणं आणि घडवणं यात फरक आहे. घडवताना आडवा छेद बदलतो, जाडीतलं पोलाद रुंदीत आणि लांबीत जातं. वळवताना फक्त

ऐरणीवरचा
खुसपटराव, वाक्य पूर्ण करा, लाल असेपर्यंत.

बरं, थट्टा पुरे. रंधा यांची पद्धत चांगली आहे, दोन गोष्टी माझ्याकडून. एक, वळवायला गॅल्व्हनाइझ्ड पाइप वापरू नका. लाल पात लागली की जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की ताप भरतो. साधी लोखंडी सळई घ्या. दोन, पातीला टॉर्च लावताना मागे आणि बाजूला उष्णतारोधक विटा रचा. उघड्यावर टॉर्चची निम्मी उष्णता उडून जाते, आणि मग माणूस टोकावर ज्वाला धरून बसतो. टोक सर्वात आधी तापतं आणि सर्वात आधी जळतं. ज्वाला मुठीकडून टोकाकडे न्या.

तेलकट
ज्याला टॉर्चसुद्धा नको त्याच्यासाठी: जुनं बॉल बेअरिंग घ्या. बाहेरचं कडं म्हणजे आयतं वळलेलं पोलाद. बहुधा ५२१०० जातीचं, १ टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम, आणि साठीच्या आसपास एचआरसी (कडकपणाचं माप) इतकं कडक केलेलं. त्यातून कमान कापायची, बाहेरच्या अंगाला उतार घासायचा, आतली गोळ्यांची खाच घासून सपाट करायची. तापवणं नाही, वळवणं नाही, पाणी देणं नाही. मूळ प्रश्नाचं हे तंतोतंत उत्तर आहे: नुसतं घासून वाकडं पातं. फक्त शेवटपर्यंत थंड ठेवायचं. कानस त्यावर चालत नाही, घसरते.

सरळरेषा
हे भन्नाट आहे. म्हणजे मी टॉर्चही आणायला नको?

ठिणगी
तेलकटांची कल्पना छान, पण तीन गोष्टी बघून घ्या.

बेअरिंग कुठलं ते पाहा. साधी बॉल बेअरिंग बहुतेक आरपार कडक असतात. टेपर रोलरची बरीचशी कडी मात्र फक्त वरच्या थरात कडक केलेली, आत मऊ. घासून थर गेला की खाली धार धरणारं काही उरत नाही. तपासायचं असेल तर कडं कापा आणि कापलेल्या तोंडावर मधोमध कानस फिरवा. कापताना कड तापून मऊ झालेली असते, तेवढी आधी थंड ठेवून घासून काढा, नाहीतर कानस खोटं सांगेल.

दुसरं, ही कडी सहसा १५० ते २०० अंशांच्या दरम्यान टेंपर केलेली असतात. फिक्का पिवळा दिसला म्हणजे तुम्ही हद्दीवर आहात.

तिसरं, मुठीत जाणारा दांडा. कडक कमानीला भोक पाडता येत नाही. तेवढाच भाग टॉर्चने मंद लाल करून मऊ करा आणि धारेचा भाग पाण्यात बुडवून ठेवा. म्हणजे टॉर्च आलाच.

वळवण्याच्या मार्गाने गेलात तर पाणी देण्याबद्दल थोडं. वळवून झालं की एकदा लाल करून हवेत थंड होऊ द्या, वळवताना बसलेला ताण जातो. मग परत तापवा आणि लोहचुंबक लावून बघत राहा. ७७० अंशाच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं. तिथून किंचित पुढे, १०८४ ला साधारण ८१५, आणि सरळ तेलात. तेल ५० ते ६० अंश कोमट हवं. थंड तेल घट्ट असतं, पातीभोवती हवं तितक्या वेगाने फिरत नाही. डबा धातूचा, झाकण हाताशी, ज्वाला उठली तर झाकण घालायचं, पाणी ओतायचं नाही. ओ१ला खरं तर त्या तापमानात काही मिनिटं स्थिर ठेवावं लागतं, टॉर्चने ते अवघड जातं. टॉर्चवाल्याने १०८४च घ्यावं.

तेलातून काढल्यावर कानस टोकाजवळ घसरली पाहिजे. मग ताबडतोब ओव्हनमध्ये २०० अंशांवर एक तास, थंड करून पुन्हा एक तास. उद्या करू म्हणून ठेवून देऊ नका. टेंपर न केलेलं पातं आतून इतकं ताणलेलं असतं की नुसतं ठेवल्या जागी तडकू शकतं.

वाचनमात्र
वाचनखूण साठवली आहे. पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

खुसपट
अवांतर: घडवणाऱ्यांना वाक हवा असतो असं सगळे धरून चालले आहेत, पण कित्येकदा तो नको असताना येतो. एका कडेला उतार ठोकून पातळ केला की ती कड लांबते आणि पातं पाठीच्या दिशेने वळतं. म्हणून अनुभवी लोहार आधीच उलटा वाक देऊन ठेवतात. जपानी कताना तर बराचसा वाक पाण्यात घेते. पाठीवर मातीचा जाड लेप असतो, धार लवकर थंड होऊन मार्टेन्साइट (पोलादाची कडक रचना) होते, मार्टेन्साइटचं आकारमान वाढतं, धारेची बाजू लांबते, तलवार पाठीकडे वळते.

ऐरणीवरचा
हे मात्र बरोबर लिहिलंत. तेलात तेच पातं बऱ्याचदा उलटं, धारेकडे वळतं, ते राहिलं.

कानसबहाद्दर
सुरक्षेचं कोणी बोललं नाही. बेल्टवर किंवा फिरत्या चाकावर कापडी हातमोजे घालू नका, मोजा ओढला गेला की बोट सोबत जातं. डोळ्यांना बंद कडांचा चष्मा. नाकाला साधा रुमाल पुरत नाही, धूळ अडवणारा मास्क लागतो. आणि जिथे लोखंड घासता तिथला लाकडाचा भुसा आधी झाडून टाका. ठिणगी (आयडी नव्हे) भुशात बराच वेळ धुमसत राहते.

सरळरेषा
सर्वांचे आभार. ठरलं: १०८४ची पट्टी, सपाट असताना उतार, गच्चीवर विटा रचून टॉर्च, सळईवर वळवणं. बेअरिंगचा प्रयोगही करणार, पण दुसरा. एकच राहिलं. आतल्या खोलगट अंगाला धार लावताना काय करायचं? सपाट दगड तिथे जाणारच नाही.

रंधा
दगड नकोच. आतल्या वाकापेक्षा बारीक लाकडी गोल दांडा घ्या, त्याला पॉलिश पेपर गुंडाळा. ४०० ने सुरुवात, मग ८००, १५००, शेवटी दांड्यावर चामडं आणि पॉलिशची पेस्ट. आतून दांडा पातीला सपाट टेकलेला ठेवा, कडेशी उचलला की आतही उतार पडतो आणि सुरी लाकडात शिरायची सोडून वरून घसरते. बाहेरच्या अंगाला पेपर सपाट फळीवर चिकटवून त्यावर पातं फिरवत न्या. उतार २० ते २५ अंश पुरे. देवदारासारख्या मऊ लाकडाला कमी चालेल, सुक्या कठीण लाकडाला जास्त ठेवा. खरं तर चमचे ओल्या लाकडातच कोरा, धार जास्त टिकते आणि मनगटही.

टोक फार गोल वळवू नका. चमच्याच्या तळाला जी गोलाई हवी त्यापेक्षा थोडीच घट्ट ठेवा. फार वळलेलं टोक लाकडात रुतून बसतं आणि ओढताना चिरा काढतं.

नवशिका_लोहार
उशिरा आलो. माझ्याकडे पॉवर हॅकसॉचं मोडकं ब्लेड पडून आहे. त्यातून अशी सुरी होईल का?

ठिणगी
अख्खं हायस्पीड स्टीलचं असेल तर वळणार नाही, वळवायला गेलात तर तुकडे होतील. सपाट, म्हणजे कोयत्याच्या अंगाने वाकडं पातं मात्र त्यातून उत्तम होईल, आणि ते फक्त घासूनच होईल. टॉर्चच्या लाल रंगाला ते घडवलं जात नाही, त्याची हीट ट्रीटमेंट ११०० अंशांच्या वर असते, घरी ते जमत नाही. पण त्याला ५०० अंशांपर्यंत काही फरक पडत नाही, घासताना निळं पडलं तरी धार जात नाही. आधी एवढं पाहा की ते बायमेटल तर नाही. बायमेटलमध्ये हायस्पीड फक्त दात्यांच्या कडेला असतं, बाकीचं साधं स्प्रिंगसारखं पोलाद. रंगाच्या खाली दात्यांना समांतर जोडाची रेघ दिसते का बघा.

ऐरणीवरचा
घासूनच होतं असं एक पोलाद निघालं तर शेवटी. ब्लेडचा फोटो टाका हो नवशिका, जोडाची रेघ मलाही बघायची आहे. माझ्याकडे तसली दोन पडली आहेत.